रिकाम्या डब्यांचं रुखवत

"संपलं की फेकू नका हं. मला द्या."

हे वाक्य काकू दाराबाहेरूनच म्हणायच्या. आत आल्या की पहिला हात फळीवरच्या डब्याकडे जायचा. डबा उचलायचा, कानाशी नेऊन हलवायचा, आत किती शिल्लक आहे त्याचा अंदाज घ्यायचा आणि पुन्हा होता तसा ठेवून द्यायचा. "अजून आठवडाभर काही संपत नाही हा," असं स्वतःशीच म्हणून मग त्या आमची विचारपूस करायच्या. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुणाकडे किती पावडर उरली आहे, कुणाचं बुटाचं पॉलिश तळाला गेलं आहे आणि कुणाच्या पोटदुखीच्या औषधाचे दोन घोट राहिले आहेत, हे त्या घरातल्या माणसांआधी काकूंना माहीत असायचं. तुम्ही म्हणाल, भोचक बाई. पण तसं नव्हतं. डब्यात काय आहे याच्याशी त्यांना काहीच देणंघेणं नव्हतं. तो मोकळा कधी होतो, एवढीच त्यांना ओढ.

तळमजल्यावरचे एक गृहस्थ टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते. काकू त्यांच्यासाठी रोज पेज करून न्यायच्या, उशाशी बसायच्या, कपाळाला हात लावून बघायच्या. आणि उठताना म्हणायच्या, "सावकाश बरे व्हा, काही घाई नाही. पण टॉनिक तेवढं वेळच्या वेळी घ्या. बाटली फार सुरेख आहे." बरे झाल्यावर ते गृहस्थ जिन्यात मला म्हणाले, "डॉक्टरांच्या औषधाने नाही रे, त्या बाटलीच्या धाकाने उठलो मी."

काका एका कारखान्यात फोरमन होते. मोजकं बोलणारा माणूस. त्यांचं दंतमंजन लाल डब्यात यायचं आणि काकूंना लाल रंग कायम कमी पडायचा. "जरा सढळ हाताने दात घासत जा की," असं त्यांना सकाळी बजावलेलं मी भिंतीपलीकडून कितीदा तरी ऐकलंय. आमची दोन घरं शेजारी शेजारी होती आणि मधली भिंत नावापुरतीच होती.

हे सगळं गोळा करून त्या काय करायच्या? रुखवत करायच्या.

रुखवत तुम्हाला माहीतच आहे. लग्नात मुलीकडच्यांनी मांडलेला तो सगळा थाट. साखरेचं तुळशीवृंदावन, कापसाचे ससे, साबणाच्या वड्यांचा बंगला, मण्यांचा मोर, लाडवांचे डोंगर. वर चादर घालून झाकून ठेवायचं आणि विहीणबाईंना मानाने आणून त्यांच्यासमोर चादर काढायची. विहीणबाईंनी नाक थोडं वर करून "बरं आहे" म्हणायचं, अशी चाल. काकूंचं रुखवत मात्र वेगळं असायचं. त्यात मोर नसे की ससे नसत. त्या नवऱ्यामुलीचं चित्र करायच्या, आणि तेही तिच्या घरात संपलेल्या वस्तूंच्या डब्यांचं, वेष्टनांचं, बुचांचं.

चहाच्या खोक्याची फळी घ्यायची. पत्रा कापायच्या कात्रीने डबे कापायचे, कागदाला घरी केलेली खळ लावायची. गाल पावडरच्या गुलाबी डब्याचे, केस बुटाच्या पॉलिशच्या काळ्या झाकणांचे, डोळे सोड्याच्या बाटलीच्या बुचांचे, शालूचा जर सिगरेटच्या पाकिटातल्या चांदीचा. नियम एकच: सगळं त्या मुलीच्या घरचंच हवं. शेजारच्या घरची एक चकतीसुद्धा चालायची नाही. आणि चित्राखाली काडेपेटीच्या काड्या चिकटवून अक्षरं काढलेली असायची, "एवढ्यावर वाढली."

त्यामुळे भानगडी व्हायच्या. एका मुलीच्या घरी डोकेदुखीच्या मलमाशिवाय दुसरं काही संपतच नसे. तिचा चेहरा हिरवा-पिवळा झाला. चादर काढल्याबरोबर विहीणबाईंनी विचारलं, "मुलीचं डोकं दुखतं का हो?" काकू तत्परतेने म्हणाल्या, "छे, छे. तिचं नाही, तिच्या वडिलांचं." मुलीचे वडील तिथेच कपाळ धरून उभे होते.

नाहूरच्या जुन्या गावातल्या एक ख्रिश्चन बाई आमच्याकडे अंडी घेऊन यायच्या. आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलायच्या आणि आमच्यापेक्षा जोरात. त्यांनी कुणाच्या तरी लग्नात ते चित्र पाहिलं आणि थेट काकूंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "आमच्यात रुखवत-बिखवत नसते गं बाय. पण माझ्या पोरीला पण तसा फोटो पायजे." काकूंनी पावाच्या कागदी वेष्टनांचा असा पांढरा घोळदार झगा केला की पोरीने लग्नाचा खरा झगा शिवून घेताना तोच शिंप्याला नेऊन दाखवला.

मी त्या वेळी फोर्टात एका जाहिरात कंपनीत चित्रं काढायला होतो. माझं काम म्हणजे सुंदर बायका काढणं. पावडर लावणाऱ्या, चहा पिणाऱ्या, साबणाचा वास घेऊन डोळे मिटणाऱ्या. काकूंना माझ्या नोकरीबद्दल अपार आदर होता, कारण मी काढलेली एक बाई पावडरच्या डब्यावर छापून आली होती.

"कोण रे ही?" त्यांनी डबा माझ्यापुढे धरून विचारलं.

"कुणी नाही काकू. अशीच काढली."

"अशीच म्हणजे? नाव-गाव असेल ना काही?"

"नाही हो. सगळ्यांना आपण तिच्यासारखं दिसावंसं वाटलं पाहिजे, म्हणून ती कुणासारखीच नसते."

काकूंनी डबा उजेडाकडे धरून तिला न्याहाळलं. "बिचारी," म्हणाल्या. आणि तिचं नाव सुमन ठेवून टाकलं. त्यानंतर त्या कुणाकडे गेल्या तरी फळीवरच्या डब्याकडे बघून म्हणायच्या, "अगंबाई, सुमन तुमच्याकडेही आली का?" माझ्या साहेबांना मी हे सांगितलं असतं तर त्यांनी त्याचीसुद्धा जाहिरात केली असती.

आमच्या ऑफिसात परदेशी मासिकं यायची. त्यातल्या एकात मी पाहिलं की अमेरिकेत म्हणे चित्रकार आता सूपचे डबे, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, असलंच काढू लागले आहेत. एकासारखा एक डबा, ओळीने. त्यावर मोठमोठे लेख. बाजारात जे विकतं तेच आता माणसाचा चेहरा झालं आहे, अशा अर्थाचं काहीतरी. मी उड्या मारत ते मासिक घरी आणलं. काकूंनी चष्मा लावून पान नीट पाहिलं.

"भरलेले आहेत की रिकामे?"

"ते चित्रात कसं कळणार काकू?"

"कुणाच्या घरचे आहेत?"

"कुणाच्याच नाहीत. नुसते डबे."

"मग ते दुकान झालं," असं म्हणून त्यांनी मासिक मिटलं. "एवढी चित्रकला आली त्याला, तर बापडा कुणाच्या तरी घरी गेला असता." मग थोड्या वेळाने, "हे संपलं की मला दे हं. कागद गुळगुळीत आहे."

आता नलूच्या लग्नाकडे येतो.

नलू माझी धाकटी बहीण. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात आई, मी आणि नलू. दोन ठिकाणी तिचं जमता जमता मोडलं होतं, आणि तिसऱ्या खेपेला तिनेच टायपिंगच्या क्लासात एक मुलगा पसंत केला. मधुकर. बँकेत होता, स्वभावाने गरीब, आणि नलूकडे बघताना त्याची बोटं टाइपरायटरच्या भलत्याच अक्षरावर पडत असत. आईला मुलगा आवडला, सुपारी फुटली, तारीखही ठरली. नलू घरात गाणी गुणगुणायला लागली. तिने कधी गाणं म्हटल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

चालीप्रमाणे घाटकोपरला मुलाकडून आम्हाला फराळाचं बोलावणं आलं. वडीलधारी म्हणून आईने काकूंना बरोबर घेतलं. निघताना मी त्यांना हळूच म्हटलं, "काकू, तिथे काही मागू नका हं." त्या म्हणाल्या, "मला काय कळत नाही का रे?"

विहीणबाईंचं घर झकपक होतं. त्या स्वतःही तशाच होत्या. ताठ मान, सरळ नाक, इस्त्रीची साडी. दर्शनी भिंतीला काचेचं कपाट होतं आणि त्यात परदेशी डबे मांडलेले. कोको, कॉफी, चीज, एक बिस्किटांचा गोल डबा, त्यावर घोडागाडी. त्या काळात परदेशी डबा म्हणजे काय चीज होती ते तुमच्यापैकी ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना सांगायला नको. लोक सत्यनारायणाला यावं तसे ते बघायला यायचे.

"माझा भाऊ आफ्रिकेत असतो," विहीणबाई म्हणाल्या. "नको नको म्हटलं तरी पाठवतोच. आमच्या ह्यांना रात्री कोकोशिवाय झोप नाही." सासरेबुवांनी आणि फराळाला आलेल्या दोघी-तिघी शेजारणींनी मान डोलावली. नलू कौतुकाने बघत होती. आईने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे बघ, पोरगी केवढ्या घरात पडली.

आणि माझं लक्ष कांदेपोह्यांकडे असताना काकू उठल्या.

त्यांनी काच सरकवली, कोकोचा डबा उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "विहीणबाई, हा तर संपलाय की हो!" त्यांनी कॉफीचा उचलला. "हासुद्धा!" चीजचा. "अगंबाई, आणि हाही!" दिवाळीच्या सकाळी एखादं मूल नवे कपडे बघून नाचतं ना, तशा त्या एकेक डबा हलवत होत्या. गोल बिस्किटांच्या डब्याशी येऊन त्या हात जोडल्यासारखं करून म्हणाल्या, "सगळेच रिकामे! मग हा मी नेला तर चालेल ना?"

सासरेबुवा वर पंख्याकडे बघायला लागले. मधुकर जमिनीकडे. विहीणबाईंच्या सरळ नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"ठेवा तो जागेवर," त्या म्हणाल्या.

काकूंनी डबा जागेवर ठेवला आणि काच सरकवली.

दुसऱ्या दिवशी मधुकर एकटाच आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. "आई म्हणते, लग्न होऊ दे. मोडायचं नाही. पण त्या बाई तिथे दिसता कामा नयेत. त्यांनी केलेलं काही रुखवतात असता कामा नये. दिसलं तर ती मांडवातून उठून जाईल." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि ती जाईल हो. मी ओळखतो तिला."

स्वयंपाकघरात नलू रडत होती. तिच्या रडण्यात दोन गोष्टी होत्या. मधुकरवाचून तिला दुसरं कुणी नको होतं, आणि काकूंवाचून लग्नाला उभं राहणं तिला जमणार नव्हतं. तिच्या लहानपणीच्या ग्राइपवॉटरच्या बाटलीपासून काकू तिचं एकेक बाजूला काढून ठेवत आल्या होत्या. ते चित्र होणार हे तिला कळायला लागल्यापासून माहीत होतं. आई नुसती डोकं धरून म्हणत होती, "त्या बाईला एवढं तरी कळायला नको का? एवढं तरी!"

काकूंना सांगायचं काम माझ्यावर आलं. मी गेलो तेव्हा त्या रिकाम्या हाताने बसल्या होत्या. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "सगळं ऐकलं रे. भिंत काय आपली."

मी त्यांच्यासमोर पाटावर बसलो.

"मला बाई आनंद झाला होता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्यासारखं रिकामं जपणारं कुणीतरी भेटलं. त्यांना लाज वाटत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही." पदराने चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "नलूचं मोडणार नाही ना रे?"

"तुम्ही आला नाहीत तर नाही."

"मग मी येत नाही. त्यात काय मोठंसं." आणि मग, "त्या कपाटात डबे कुठे कुठे मांडले होते? तू चित्रं काढतोस, तुझ्या डोळ्यांपुढे असेल. काढून दे मला."

मी काढून दिलं. कशाला, ते विचारायची हिंमत झाली नाही.

त्या रविवारी त्या मला कांजूरमार्गला डबाबाटलीवाल्याच्या वखारीत घेऊन गेल्या. हा माणूस सबंध मुलुंडात फिरायचा आणि काकूंना आपली एकमेव प्रतिस्पर्धी समजायचा. आफ्रिकेतल्या भावाने पाठवलेले असे डबे हवेत म्हणून मी चित्र पुढे केलं, तर तो खो खो हसत सुटला. "मौसी, ये सब माल तो घाटकोपरवाली बाई ले जाती है! भाई आफ्रिका में, डब्बा कांजूर में!"

मलाही हसू फुटलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच राहिलं.

"हसायचं नाही. आणि हे नलूला सांगायचं नाही. आईलाही नाही." मग डब्यांच्या ढिगात वाकून त्या म्हणाल्या, "मी रिकामे नेते ते चालतं, आणि त्यांनी नेले की हसायचं होय? त्यांनीही काहीतरी मांडलंच ना त्यातून."

तिथे उभं राहून मी विचार करत होतो, की माझी सुमन तरी दुसरं काय करते? नसलेलंच तर मांडते. पण हे काकूंना सांगण्यात अर्थ नव्हता, त्यांनी ते केव्हाच ओळखलेलं होतं.

लग्न मुलुंडलाच एका शाळेच्या सभागृहात होतं. फराळाचं आईने केलं होतं. "डब्यात भरून मी पाठवते," असं सांगून काकूंनी सगळं आदल्या दिवशीच नेलं होतं, आणि सकाळी काकांनी आणि मी एक झाकलेलं फडताळ टांग्यातून आणून टेबलावर ठेवलं. "विहीणबाईंनी घातलेली अट मोडत नाही ना हे?" मी टांग्यात काकांना विचारलं. काका म्हणाले, "ती म्हणते, डबे वखारीतले आणि फराळ तुझ्या आईचा. तिने काहीच केलेलं नाही." त्या लग्नात काका एवढंच बोलले.

विहीणबाईंना वाजतगाजत रुखवताकडे आणलं. आईने हळदकुंकू लावलं. नलू मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती, तिथून मान उंचावून बघत होती. आईने चादर ओढली.

खोक्याच्या फळ्यांचं, जिलेटिनच्या कागदाची काच लावलेलं एक कपाट, आणि त्यात कोको, कॉफी, चीज, घोडागाडीचा गोल डबा. घाटकोपरचं कपाट जसंच्या तसं. जागाही त्याच.

आईच्या हातातली चादर खाली पडली. घाटकोपरच्या त्या फराळाला आलेल्या दोघी-तिघी बायका होत्या, त्यांनी एकमेकींचे दंड धरले. मधुकरने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. काकूंनी चांगलं म्हणून केलं, आणि त्या बाईंना भर मांडवात पुन्हा उघडं पाडलं. नलूच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर होईना.

विहीणबाई एक पाऊल मागे सरकल्या. मग पुढे झाल्या. फार हळू त्यांनी कोकोचा डबा उचलला. तो हातात जड लागला असावा, कारण त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आणि तो डबा कानाशी नेऊन हलवला.

खळखळ खळखळ आवाज आला. शंकरपाळे.

कॉफीच्या डब्यात शेव. चीजच्या डब्यात बेसनाचे लाडू, ठासून भरलेले, हलेनात. गोल डब्यात चिरोटे. विहीणबाईंनी एकही डबा सोडला नाही. दर डब्यागणिक त्यांचं नाक थोडं थोडं खाली येत गेलं. शेवटचा डबा ठेवून त्यांनी आईला विचारलं, "त्या कुठे आहेत?"

आई म्हणाली, "कोण?"

"डबे हलवणाऱ्या. बोलवा त्यांना. त्या आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत."

मी धावत सुटलो. काकू घरात ताकाला पाणी घालत होत्या. अंगावर रोजचं पातळ. बदलायला वेळ नव्हता. तशाच आल्या, हाताला ताक लागलेलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि सबंध सभागृह कान टवकारून ऐकायला लागलं. पण विहीणबाई पुढे वाकून इतक्या हलक्या आवाजात बोलल्या की मी जवळ होतो म्हणूनच ऐकू आलं.

"चीजचा तो चौकोनी कुठे मिळाला? माझा मेला पोचलेला आहे."

"तुमच्याच माणसाकडे," काकू तशाच हलक्या आवाजात म्हणाल्या. "चांगले तो मागच्या बाजूला लपवून ठेवतो. पुढच्या वेळी मी येईन बरोबर."

अक्षता पडल्या. नलू एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. तिचं चित्र काकूंनी केलं होतंच. ते आमच्या भिंतीवर लागलं आणि आई त्याच्याकडे बघून पुढे कितीतरी वर्षं म्हणायची, "ग्राइपवॉटरची बाटली नेमकी कपाळावर आली आहे."

लग्नानंतर एक भलतीच अडचण झाली. विहीणबाई ते भरलेले डबे कुणाला उघडू देईनात. पाहुणे आले की स्वतः काच सरकवून डबा काढायच्या, हलवून ऐकवायच्या आणि परत ठेवायच्या. नलू माहेरी आली की सांगायची, "आई, लाडवांचे दगड झालेत गं. काल शेवेला मुंग्या लागल्या, तर सासूबाई मुंग्यांना रागावल्या." शेवटी काकू घाटकोपरला गेल्या. कोकोचा डबा काढून त्यांनी सरळ ताटात उपडा केला. "खाऊन संपवा बाई. मी पुन्हा भरून देते. कितीदाही देते."

तेव्हापासून तो क्रम सुरू झाला. काकू सणावाराला डबे भरून द्यायला जायच्या आणि मधल्या काळात विहीणबाई आपण होऊन मुलुंडला यायच्या. इस्त्रीची साडी, हातात भलीमोठी पिशवी. दोघी मिळून वखारीत जायच्या आणि डबाबाटलीवाला त्यांना लांबून बघूनच कपाळाला हात लावायचा. परत आल्यावर मागच्या गॅलरीत बसून त्यांची भांडणं चालायची.

"हा रंग नवरीला लावू नका हो. पोट बिघडल्यासारखी दिसेल."

"तिच्या घरी तेच संपतं, मी काय करू?"

"मग एखादी चांगली वस्तू विकत आणून संपवायला सांगा त्यांना!"

"ते खोटं होईल."

"होऊ दे की! लग्न आहे!"

मला वाटतं, काकूंच्या आयुष्यात त्यांच्या कामाबद्दल भांडणारं तेवढं एकच माणूस आलं. आम्ही सगळे नुसतं कौतुक करायचो. कौतुक करणं फार सोपं असतं. नवऱ्यामुली चित्रं घेऊन सासरी गेल्या, संसाराला लागल्या. नलू सोडली तर त्यातली एकही काकूंकडे पुन्हा फिरकली नाही. त्यांचा दोष नाही. आपण तरी कुठे जातो?

दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन काकू गेल्या. कुणाला काही कळायच्या आत. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

आठ-दहा दिवसांनी विहीणबाई आल्या. नलू बरोबर होती, मीही गेलो. त्या दिवशी विहीणबाईंच्या साडीला इस्त्री नव्हती. काका बाहेरच्या खोलीत बसले होते. थोडं बोलणं झालं, मग तेही संपलं. काका उठले आणि म्हणाले, "तुम्हाला एक दाखवायचं राहिलंय."

त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं आणि दार पुढे लोटलं. दाराच्या मागच्या बाजूला, ओट्याशी उभं राहणाऱ्याच्या अगदी समोर येईल असं एक चित्र खिळलेलं होतं. ताठ मान, इस्त्रीची साडी, सरळ नाक. शंका घ्यायला जागाच नव्हती. मुलुंडला येताना विहीणबाई ज्या ज्या वस्तू आणत आणि इथे बसून दोघी जे जे संपवत, त्याचंच सगळं होतं ते. तपकिरीची डबी होती, बडीशेपेची पाकिटं होती, गोळ्यांचे चांदीचे कागद होते.

"स्वयंपाक करताना बोलायची हिच्याशी," काका म्हणाले. "मी आपला बाहेर पेपर वाचत बसलेला. मला बोलायला कुठे येतं."

विहीणबाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "नाक मोठं केलंय."

नलूने पदर तोंडाला लावला होता.

"तुमचंच आहे," काका म्हणाले. "काढून देतो, घेऊन जा."

"नको. इथेच राहू दे." त्यांनी डोळे पुसले. "घरात एखादं बाईमाणूस असलेलं बरं."

मग पदर खोचून त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि साखर कुठे असते म्हणून काकांना विचारलं. काका फळीकडे बघत उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी ती कधी स्वतः घेतली नव्हती.